दर आठ, दर दहा, दर एकवीस दिवसांनी: फोनमधल्या कॅलेंडरमध्ये हे सगळं बसवायचं कसं?

मीनल_डोंबिवली
नमस्कार मंडळी. जरा लांबण लावते, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

आई माहीमला राहते, वय ७८. दिवसा मावशी असतात. त्या मागच्याच गल्लीतल्या, त्यामुळे तासभर इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतात. रात्री मात्र घरातलं माणूस लागतं. आम्ही तिघं भावंडं पाळीपाळीने जातो: ताई (बोरिवली, बँकेत आहे), दादा (ऐरोली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात) आणि मी. प्रत्येकी दहा दिवस.

दहा त्रिक तीस म्हणजे महिना, असं धरून सुरुवात केली. पण ३१ चा महिना आला की सगळं एक दिवस सरकतं आणि "तुझी पाळी एकपासून की दोनपासून" यावर फोनाफोनी होते. त्यात दादाची शिफ्ट आठ दिवसांची: दोन दिवस सकाळ, दोन दुपार, दोन नाइट, दोन सुट्टी, की परत पहिल्यापासून. त्याच्या पाळीत कधी दोन नाइट पडतात, कधी चार. तेव्हा ताई किंवा मी ऑफिसातून परस्पर माहीम गाठतो.

शिवाय आईचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी. पाण्याच्या फिल्टरची कँडल साधारण ७५ दिवसांनी. ताईला दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी. आणि आईची संकष्टी, त्या रात्री चंद्रोदयापर्यंत ती जेवत नाही, म्हणून जो असेल त्याने वेळेत घरी पोचायचं.

हे सगळं एकाच कॅलेंडरमध्ये, तिघांच्या फोनवर दिसेल असं कसं लावायचं? मी गूगल कॅलेंडर वापरते, ताईकडे आयफोन आहे.

पुष्कर८१
दहा दिवसांची पाळी 'दर महिन्याला' अशी लावलीत तर घसरणारच. रिपीटमध्ये 'कस्टम' निवडा आणि 'दर ३० दिवसांनी' लिहा. तिघांच्या तीन नोंदी, प्रत्येक नोंद दहा दिवस लांबीची, 'ऑल डे' खूण करून. मग महिना ३० चा असो, ३१ चा असो वा फेब्रुवारी असो, गणित मोडत नाही. एक तारीख डोक्यातून काढून टाका.

दादाच्या शिफ्टचंही तसंच. सकाळ, दुपार, नाइट, सुट्टी अशा चार नोंदी, प्रत्येक दोन दिवसांची, प्रत्येक दर ८ दिवसांनी. चार रंग दिलेत की महिना उघडल्याबरोबर कळतं.

वैदेही_पार्ले
वाचतेय. आमच्याकडेही सासूबाईंसाठी असंच चालू आहे. बुकमार्क केलंय.

आरती_ठाणे
मीनल, मी सुचवू का? पाळी सात दिवसांची करा. तीन सत्ते २१. इंजेक्शनही २१ दिवसांनी. दोन्ही एकाच चक्रात बसतील, वारही तेच राहतील. २१ दिवस म्हणजे तीन आठवडेच, त्यामुळे कॅलेंडरमध्ये 'दर ३ आठवड्यांनी, गुरुवारी' असं सरळ लावता येतं.

मीनल_डोंबिवली
आरती, पहिल्यांदा मलाही हेच सुचलं होतं. पण मग इंजेक्शन कायम एकाच्याच पाळीत येणार ना? त्या दिवशी नर्सला बोलावणं, फ्रिजमधून औषध आधी काढून ठेवणं, नंतर आईला ताप येतो का बघणं, हे सगळं एकाच माणसावर. आणि दादाच्या नाइटचा प्रश्न आहे तिथेच.

@पुष्कर, तीन नोंदी करून पाहिल्या. छान दिसतंय, धन्यवाद.

कोडकरी
कुठलंही ॲप उघडण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या, नाहीतर सगळं लावून झाल्यावर परत मोडावं लागेल. तुमच्या यादीतल्या गोष्टी वरवर सारख्या दिसतात, पण प्रत्येकीचा खुंटा वेगळा आहे.

पाळी आणि शिफ्ट दिवस मोजून चालतात. त्यांना वार माहीत नाही, महिना माहीत नाही. ताईचे शनिवार महिन्याला आणि वाराला बांधलेत. संकष्टी चंद्राला बांधलेली आहे. आणि फिल्टर मागच्या वेळी *प्रत्यक्षात* कधी बदलला त्याला बांधलेला आहे.

हा शेवटचा प्रकार कॅलेंडरला जमत नाही. समजा ७५ दिवसांची नोंद लावली आणि माणूस बारा दिवस उशिरा आला. कॅलेंडर पुढची आठवण जुन्याच तारखेपासून मोजून देणार, म्हणजे नवी कँडल ६३ दिवसांतच बदला म्हणून सांगणार. याला कामांच्या यादीचं ॲप लागतं, ज्यात 'पूर्ण केल्यापासून मोज' अशी सोय असते. टूडूइस्टमध्ये 'एव्हरी' या शब्दाला चिकटून उद्गारचिन्ह दिलं की ते काम संपवल्याच्या दिवसापासून पुढचे ७५ दिवस मोजतं. उद्गारचिन्ह नसेल तर ठरलेल्या तारखेपासून.

कॅलेंडरमध्येच ठेवायचं असेल तर रिपीट लावूच नका. कँडल बदलली की त्याच दिवशी पुढची एक नोंद हाताने टाका.

इंजेक्शन या दोनपैकी कुठल्या गटात बसतं ते डॉक्टरांना विचारा. दोन दिवस उशीर झाला तर पुढचं मूळ तारखेला की दिलेल्या दिवसापासून २१, हे ॲपने ठरवायचं काम नाही.

मुलुंडचा_मंदार
+१. रक्तदानाचं असंच आहे. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी, पण मोजायचं मागच्या वेळेपासून. मी वर्षभराच्या चार तारखा लावून ठेवल्या होत्या, मध्ये ताप आला की पुढच्या सगळ्या हलवाव्या लागायच्या. आता रक्तपेढीतून बाहेर पडलो की फूटपाथवर उभा राहून पुढची तारीख टाकतो आणि मगच वडापाव खातो.

अण्णा_गिरगाव
आमच्या घरी भिंतीवरचं कॅलेंडर आणि लाल-निळं पेन. वडिलांच्या आजारपणात चार भावांच्या पाळ्या त्यावरच चालल्या. बॅटरी लागत नाही, चष्मा लावला की दिसतं. पोरांनो, एवढं मोजमाप कशाला?

आरती_ठाणे
अण्णा, चार भाऊ एकाच घरात होते ना तुमचे? इथे एक बोरिवलीला, एक ऐरोलीला, एक डोंबिवलीला. भिंत कुणाची घ्यायची?

अण्णा_गिरगाव
हे मात्र खरं. एकाच चाळीत होतो, दोन मजल्यांवर.

वर्सोवाकर
संकष्टीबद्दल. कृपा करून 'दर २९ दिवसांनी' किंवा 'दर ३० दिवसांनी' असं काही लावू नका. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांपेक्षा किंचित मोठा. त्यात तिथी सूर्याच्या दिवसाएवढी नसते, कधी १९-२० तासांत संपते, कधी २६ पर्यंत लांबते. आणि संकष्टी धरायची ती चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी. त्यामुळे दोन संकष्टींमधलं अंतर कधी २९ पडतं, कधी ३०, ठरलेल्या क्रमाने नाही.

वर्षाच्या पातळीवर तर आणखी मोठी उडी. गणेश चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, आणि २०२६ ला एकदम १४ सप्टेंबर, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ. आधी ३५४ दिवसांचं अंतर, मग ३८३ चं. 'दर वर्षी' या बटणाने हे कधीच जमणार नाही.

कोडकरी
वर्सोवाकरांना अनुमोदन. थोडं आतलं सांगतो, ज्यांना रस नाही त्यांनी पुढे सरका.

सगळी कॅलेंडर ॲप्स एकमेकांशी बोलतात ती आयकॅलेंडर नावाच्या एका ठरलेल्या पद्धतीने. १९९८ मध्ये तिचं पहिलं रूप आलं, २००९ मध्ये सुधारलेलं, आरएफसी ५५४५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या ठरलेल्या पद्धती ज्यात लिहितात ते क्रमांक दिलेले दस्तऐवज). त्यात पुनरावृत्तीचा एक नियम लिहायचा असतो: किती वेळाने, कुठला वार, महिन्यातला कितवा, कधीपर्यंत. हा नियम ॲपच्या बटणांपेक्षा फार समर्थ आहे. 'दुसरा आणि चौथा शनिवार' एका ओळीत लिहिता येतो, 'महिन्याचा शेवटून पहिला दिवस' लिहिता येतो. बटणं त्यातला थोडासाच भाग दाखवतात.

पण तो नियम मुळात इंग्रजी महिन्यांवर उभा आहे. २०१५ मध्ये आरएफसी ७५२९ आलं, त्यात दुसऱ्या कालगणनांची सोय ठेवली आहे, अधिक महिना आला किंवा तो दिवसच नसेल तर पुढे ढकलायचा, मागे घ्यायचा की गाळायचा, हेसुद्धा सांगता येतं. रोजच्या वापरातल्या ॲपमध्ये मात्र 'कृष्ण चतुर्थी' असं बटण शोधायला जाऊ नका.

मार्ग साधा आहे. पंचांगातून वर्षाच्या बारा (अधिक महिना असेल तर तेरा) तारखा आणि मुंबईचा चंद्रोदय एका शीटमध्ये लिहा. पहिल्या ओळीत सब्जेक्ट, स्टार्ट डेट, स्टार्ट टाइम ही नावं इंग्रजीतच हवीत, आणि तारखेत महिना आधी, दिवस नंतर. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून जतन करा आणि गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमधून इम्पोर्ट करा. हे कॉम्प्युटरवरून करायचं, फोनच्या ॲपमधून नाही. वर्षातून एकदा अर्धा तास जाईल.

वर्सोवाकर
चंद्रोदय मुंबईचाच घ्या हं. नागपूरचा आणि आपला सारखा नसतो. आई चंद्र पाहूनच जेवत असतील तर पावसाळ्यात वेळ लिहिलेली असणं फार उपयोगी.

अवांतर: चंद्राला बांधलेली दुसरी गोष्ट आमच्याकडे भरती. रोज साधारण ५० मिनिटं पुढे. वडील घड्याळ न बघता सांगायचे: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, जे येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. अंदाज म्हणून आजही चालतो. हाजी अलीला जाताना रस्ता पाण्याखाली असेल का, ते मी असंच काढतो आणि मग खात्रीसाठी भरतीचं कोष्टक बघतो.

मुलुंडचा_मंदार
भारी! मग कॅलेंडरमध्ये 'दर २४ तास ५० मिनिटांनी' असं लावता येईल का?

कोडकरी
नियमात मिनिटांचीही सोय आहे, पण गूगल कॅलेंडरमध्ये दिवसापेक्षा लहान अंतर निवडता येत नाही. आणि ५० मिनिटं ही सरासरी आहे. रोजचा फरक कमीजास्त होतो, महिन्याभरात तुमची नोंद एकीकडे आणि पाणी दुसरीकडे. ज्याचं कोष्टक छापून मिळतं त्याचा नियम करायला जाऊ नये.

शिवाजीपार्क_कट्टा
भरतीवरून माहीमला परत या. ताईच्या शनिवारचं कुणी बोललं नाही.

बँकांना दुसरा-चौथा शनिवार सुट्टी १ सप्टेंबर २०१५ पासून. 'दर दोन आठवड्यांनी' लावू नका. वर्षात चार-पाच महिन्यांत पाच शनिवार येतात आणि तिथे लगेच उलटं होतं, सुट्टीच्या दिवशी 'कामावर' दिसतं. दोन वेगळ्या नोंदी करा, एक 'दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी', एक 'चौथ्या शनिवारी'. चौथ्याची करताना नीट बघा. ज्या महिन्यात चौथा शनिवार हाच शेवटचा असतो, त्या तारखेवर ॲप 'चौथा' आणि 'शेवटचा' असे दोन्ही पर्याय दाखवतं. चौथाच निवडायचा.

स्नेहल_न्यूजर्सी
मीनलताई, एखादं भाचरू परदेशात असेल आणि आजीशी ठरलेल्या वेळी बोलत असेल तर ती नोंद भारताच्या वेळेत करा. इथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. उन्हाळ्यात तुमच्यात-आमच्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. माझी आजी संध्याकाळी साडेसातला फोनजवळ येऊन बसते, तिला आमचं घड्याळ बदलल्याचं काय माहीत! नोंद तिच्या वेळेला बांधली की घड्याळ बदलल्यावर जागं राहायचं ते मी राहते.

नर्सबाई_परळ
मी वॉर्डात ड्यूटी लावण्याचं काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे दादाच्या शिफ्टवर बोलते. सगळ्यांनी कॅलेंडर कसं लावायचं ते सांगितलं, पण मुळात दहा दिवस हा आकडाच चुकीचा आहे.

दादाचं चक्र आठचं, तुमचं तिसाचं. दोन्ही एकमेकांवर परत तसेच्या तसे यायला १२० दिवस लागतात. म्हणजे दादाची पाळी चार वेळा येते आणि चारही वेळा शिफ्टच्या वेगवेगळ्या जागी सुरू होते. एकाच शिफ्टच्या दोन दिवसांच्या जोडीतल्या पहिल्या दिवशी पाळी सुरू होत असेल तर तीनदा दोन नाइट आणि एकदा चार. मीनल, तुम्ही म्हणता ते 'कधी दोन, कधी चार' हेच आहे. यात कुणाचा दोष नाही, आकड्यांचा आहे.

चक्र २४ दिवसांचं करा. आठाच्या पाढ्यातलं आहे, त्यामुळे दादाची पाळी कायम त्याच्या शिफ्टच्या एकाच जागी सुरू होईल. एकदा बसवलं की बसलं.

पुष्कर८१
वा! म्हणजे आठ-आठ-आठ. पण कुठलेही सलग आठ दिवस घेतले तर त्यात दोन नाइट येणारच ना?

नर्सबाई_परळ
बरोबर. म्हणून आठ-आठ-आठ सलग नाही करायचं. दादाची पाळी त्याच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी सुरू करा. शेवटची नाइट करून तो सकाळी घरी येईल, दुपारी झोपेल, रात्री माहीमला. मग दोन सुट्ट्या, दोन सकाळ, दोन दुपार: सहा रात्री. सातव्या दिवशी त्याची नाइट लागते, त्या दिवशी तुमची पाळी सुरू. उरले १८, ते बहिणींना नऊ-नऊ. सहा, नऊ, नऊ, बेरीज २४. दादाच्या पाळीत एकही नाइट नाही, कधीच नाही.

आरती_ठाणे
थांबा थांबा. म्हणजे भावाला सहा आणि बहिणींना नऊ? पुन्हा मुलींच्याच वाट्याला जास्त? नाइट शिफ्ट हे कारण रास्त आहे, पण आकडा बघून मला राहवलं नाही.

वैदेही_पार्ले
आरतीला अनुमोदन. आमच्याकडेही असाच 'त्याची ड्यूटी असते ना' म्हणून एकेक दिवस सरकत गेला.

नर्सबाई_परळ
पुढचं लिहायचं होतं तेवढ्यात राउंडला जावं लागलं.

चक्राचा पहिला दिवस म्हणजे दादाच्या सुट्टीचा पहिला दिवस. त्याची पुढची सुट्टी नवव्या-दहाव्या दिवशी, आणि त्यानंतरची सतराव्या-अठराव्या. पहिल्या बहिणीची पाळी सातव्या ते पंधराव्या दिवसापर्यंत, म्हणजे एक सुट्टी तिच्या पाळीत पडते. दुसरीची सोळाव्या ते चोविसाव्यापर्यंत, दुसरी सुट्टी तिच्या पाळीत. दर वेळी, न चुकता. दादाने त्या प्रत्येक सुट्टीतली एक रात्र घ्यायची. त्याचे सहा आणि दोन आठ, तुमचे दोघींचे नऊवजा एक आठ-आठ. झाली बरोबरी. आणि तुम्हाला दोघींना पाळीच्या मध्येच एक रात्र आपल्या घरी मिळते, ती फार मोठी गोष्ट आहे. सलग नऊ रात्री अर्धवट झोप काढून ऑफिस करणं काय असतं ते मी रोज वॉर्डात बघते.

आरती_ठाणे
हे मान्य. मनापासून मान्य.

कोडकरी
मी कागदावर मांडून बघितलं. नर्सबाईंचं गणित चोख आहे आणि एक जास्तीची गोष्ट निघते. इंजेक्शन २१ दिवसांनी, चक्र २४ चं. म्हणजे इंजेक्शन दर वेळी चक्रात तीन दिवस अलीकडे सरकतं. १६८ दिवसांत आठ इंजेक्शनं होतात, त्यातली दोन दादाच्या सहा दिवसांत, तीन-तीन बहिणींच्या नऊ दिवसांत. सुरुवात कुठूनही करा, वाटणी हीच राहते. मीनल यांना हेच हवं होतं, कुणा एकाच्याच पाळीत नको.

मीनल_डोंबिवली
नर्सबाई, काय लिहू! ऑफिसात वाचलं आणि तिथल्या तिथे ताईला फोन लावला. ती बँकेतली, तिने लगेच पेन घेऊन ताडून बघितलं. दादाला रात्री सांगितलं. तो म्हणाला, "त्या दोन रात्री मी आधीपासून घ्यायला तयार होतो, पण कुठल्या ते तुम्ही कधी सांगितलंच नाही." खरं आहे, कुठल्या ते आम्हालाच कळत नव्हतं.

एक शंका. २४ म्हणजे तीन आठवडे आणि तीन दिवस, तेव्हा पाळी बदलायचा वार दर वेळी सरकणार. सोमवारी बॅग घेऊन डोंबिवली फास्ट?

शिवाजीपार्क_कट्टा
रविवारी दुपारी मेगाब्लॉकमध्ये बॅग घेऊन दादरला गाडी बदलण्यापेक्षा कुठलाही वार परवडला. एक कपाट माहीमला तिघांच्या कपड्यांसाठी मोकळं करा, बॅगच न्यायला नको. सकाळी आईकडून थेट ऑफिस, संध्याकाळी आपल्या घरी.

अण्णा_गिरगाव
सगळं वाचलं. माझं म्हणणं मागे घेतो, मोजमापाने माणसांचा त्रास वाचत असेल तर जरूर मोजा. पण एक विचारतो, आईंना विचारलंत का? आज रात्री कोण येणार हे त्यांना कुठे दिसतं? त्यांच्याकडे तुमचं ते ॲप नसेल.

मीनल_डोंबिवली
अण्णा, बरं झालं विचारलंत. आईला विचारलं. ती म्हणाली, मला कोण येणार ते आदल्या दिवशी कळलं तरी पुरे, भाजी त्याप्रमाणे आणायला सांगते. ताईला कारलं चालतं, दादाला नाही. आता २४ दिवसांचा तक्ता मोठ्या अक्षरात छापून फ्रिजवर लावणार आहे. मावशींनाही तोच उपयोगी, कारण दादा दुपारपाळीला असला की त्यांना उशिरापर्यंत थांबावं लागतं.

कोडकरी
छान. आता लावण्याचा क्रम सांगतो.

कॉम्प्युटरवर गूगल कॅलेंडर उघडून 'आई' नावाचं वेगळं कॅलेंडर करा. तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाकू नका, ऑफिसच्या मीटिंगांत मिसळेल. ताई आणि दादाला शेअर करताना 'बदल करता येतील' हा अधिकार द्या. ताईच्या आयफोनवर गूगलचं खातं जोडलं की दिसेल.

पाळीच्या तीन नोंदी (सहा, नऊ, नऊ दिवसांच्या) आणि दादाच्या दोन सुट्या रात्री, म्हणजे पाच नोंदी, सगळ्या 'दर २४ दिवसांनी'. शिफ्टच्या चार, 'दर ८ दिवसांनी'. इंजेक्शन 'दर ३ आठवड्यांनी'. शनिवारच्या दोन. संकष्टी सीएसव्हीतून. फिल्टर एकेरी.

सर्वांत महत्त्वाचं: अदलाबदल झाली, लग्नकार्य आलं, तर नोंद सरकवताना ॲप विचारतं, फक्त हीच, ही आणि पुढच्या, की सगळ्या. अदलाबदलीला *फक्त हीच*. इंजेक्शन उशिरा झालं आणि डॉक्टरांनी तिथून मोजायला सांगितलं असेल तर *ही आणि पुढच्या*. 'सगळ्या' ला हात लावू नका, मागचा इतिहासही सरकतो आणि मागचं इंजेक्शन कधी झालं ते डॉक्टरांना सांगता येत नाही.

मीनल_डोंबिवली
डॉक्टरांना विचारलं. दिलेल्या दिवसापासूनच मोजा म्हणाले. तेव्हा 'ही आणि पुढच्या'. रविवारी तिघं बसून लावतो.

पुष्कर८१
धागा वर आलाच आहे तर माझी एक शंका. सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल महिनाअखेरीला काढतो. मी ३१ तारखेला 'दर महिन्याला' लावलं तर फोनवर काही महिने आठवणच येत नाही, ऑफिसच्या आउटलुकमध्ये मात्र दर महिन्याला येते. असं का?

कोडकरी
कारण ३१ तारीख वर्षात सातच महिन्यांना आहे. आयकॅलेंडरच्या नियमात जी तारीख नाही ती गाळायची असते, गूगल तेच करतं. आउटलुक अशा महिन्यात शेवटच्या तारखेवर आणून ठेवतं. तुम्ही १ तारखेची नोंद करा आणि आठवण एक दिवस आधी लावा, दोन्हीकडे बरोबर चालेल.

मुलुंडचा_मंदार
फोनच्या रिचार्जचंही यात लिहून टाकतो. २८ दिवसांचा प्लॅन असेल तर 'दर महिन्याला' नको, 'दर ४ आठवड्यांनी' लावा, वर्षाला तेरा रिचार्ज होतात. ज्यांना एकच तारीख हवी त्यांच्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२२ च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा निदान एक प्लॅन ठेवावा लागतो. आईवडिलांच्या फोनला तो घ्या, विसरायला होत नाही.

वैदेही_पार्ले
नर्सबाई, आमचंही बघाल का? आम्ही दोनच घरं, आम्ही आणि धाकटे दीर. दिरांची शिफ्ट चार दिवस काम, दोन दिवस सुट्टी. चारही दिवस नाइट नसते, दोन दिवस दिवसपाळी आणि मग दोन नाइट. सध्या पंधरा-पंधरा दिवस करतो.

नर्सबाई_परळ
वैदेही, तुमचं चक्र सहाचं, मग एकूण १२ चं धरा, पंधरा-पंधरा सोडा. दीर सुट्टीच्या पहिल्या दिवशी येतील, सुट्टी दोन, दिवसपाळी दोन, अशा चार रात्री. पुढच्या आठ तुमच्या. तुमच्या आठांत त्यांची अख्खी एक सुट्टी येते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, त्या दोन्ही रात्री त्यांना द्या. सहा-सहा झाले. त्यांच्या पुढच्या सुट्टीची पहिली तारीख इथेच लिहा, महिन्याचा तक्ता मांडून देते.